वर्तणुकीचा दाखला

लक्षद्वीपला जायचं खूळ सिद्धराम मास्तरांचंच. उदगीरच्या पाच निवृत्त शिक्षकांना जमवून त्यांनी नकाशा पसरला, कोचीहून बोट बघितली, कुठल्या दिवशी कुठलं बेट हेही वहीत लिहून काढलं. परवान्यासाठी गावच्या पोलीस पाटलाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला तेवढा राहिला होता. तो घ्यायला ते गावी आले.

पाटील शेषेराव लिहिता लिहिता म्हणाले, "चौफेर पानीच पानी म्हना की! एखादं बेट इकडं वढून आना, मास्तर." मग ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या म्हातारीला हाक दिली, "साखराबाई, पंच म्हनून अंगठा दे."

मास्तरांनी तिला आता ओळखलं.

लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता, त्या दुष्काळात साखराबाई शाळेत पाणी भरायची. पोरांच्या प्यायच्या हौदाला कुलूप असे, किल्ली मास्तरांकडे; पाणी भरायला तेवढी साखराबाई नेई. आंघोळीशिवाय लिंगपूजा त्यांच्या मनाला पटेना. सात दिवस कसेबसे काढले. आठव्या दिवशी भरदुपारी त्यांनी हौदातल्या दोन घागरी घरी नेल्या. पाणी कमी पडलं तेव्हा गावानं साखराबाईला धरलं. मास्तर फक्त म्हणाले, "जाऊ द्या, पोलिसांत नको." तिचं काम सुटलं. मास्तरांच्या मोठ्या मनाची मात्र चार गावांत वाहवा झाली.

"दोन अंगठे देते की मास्तरांसाठी," साखराबाई म्हणाली. "माझ्यावर आळ आला तवा ठाण्याची पायरी चढू दिली न्हाई. देवमानूस हाय."

तिनं अंगठ्याला शाई लावली. मास्तरांना राहवेना.

"थांबा, साखराबाई. ते पाणी मी नेलं होतं."

शेषेरावांचा हात थांबला. साखराबाई काळा अंगठा तसाच वर धरून मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"प्यायला न्हेलं व्हतं?" तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. मास्तरांना पहिला तांब्या आठवला. डोक्यावरून ओतताना किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

"हाव," ते म्हणाले. "प्यायलाच."

"मग तवाच सांगायचं की, येड्यावानी! तहानंला कोन नाव ठिवतंय?" म्हणत तिनं कागदावर अंगठा दाबला.

शाई वाळेपर्यंत मास्तरांना तिच्याशेजारी बसावं लागलं. तिनं मूठभर दाणे पुढं केले. त्यांनी घेतले.