दिवस मावळायच्या आत

भूपालअण्णांनी पहिल्याच भेटीत माझ्या गळ्यात ट्रॅक्टरची ट्यूब घातली. तोवर त्यांनी माझं नावही विचारलं नव्हतं. "पावणं, पोहायला येतंय काय?" मी नाही म्हणालो, तर गडी खूश. "ब्येस झालं. पोहणारी लई शाणपणा करत्यात. न पोहणारा गपगुमान ट्यूब धरून बसतोय."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा हुपरीकडचे जैन शेतकरी. दिवाळीनंतर पाणी निवळलं, की आम्हा चार कोल्हापुरी आळशांना जीपमध्ये कोंबून आजऱ्याच्या वरच्या अंगाला हिरण्यकेशीत नेऊन सोडायचं, हा त्यांचा छंद. दोन्ही काठांना जंगल, मधे खडक, आणि ट्यूबमध्ये पाठ टेकून वाहत जाणारी आमची पोटं. मी भीतीनं हातपाय झाडू लागलो, की मागून आवाज यायचा, "अंग सोड की. नदी हाय ती, सासू न्हवं."

दिवस मावळल्यावर अण्णा घासच काय, पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यामुळे सगळी सहल त्यांच्या भाकरीच्या डब्याभोवती फिरायची. जीप आणि डबे खालच्या डोहापाशी असत आणि तिथं उजेडात पोचायचं म्हणून ते आम्हाला म्हशींसारखं हाकत. धनेश पक्षी दिसला तरी मान वर करायची सोय नव्हती. आमच्या मटणाला त्यांची ना नसे. "तुमचं बोकड तेवढं वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्या, वास न्हाय आला पायजे," एवढंच म्हणणं.

तिसऱ्या वर्षी माझी ट्यूब खडकाला घासून फुटली. मी कसाबसा एका खडकावर चढलो. दोन्हीकडून पाणी धडधडत होतं आणि बाकीचे वळणापलीकडे गेले होते. ओरडून घसा बसला, मग सरळ रडलो. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला रडायची लाज नसते. बऱ्याच वेळानं अण्णा काठाकाठानं अनवाणी आले आणि दुसरी ट्यूब घेऊन पोहत माझ्यापाशी पोचले. आता शिव्या बसणार, म्हणून मी मान खाली घातली. ते शेजारी बसले.

"अण्णा, दिवस मावळतोय. तुमचं जेवण राहील."

त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं. "मावळू दे. त्यो उद्या उगवतोय. तुझी काय ग्यारंटी?"

माझी थरथर थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग मला ट्यूबला धरायला लावून काठाला ओढत नेलं. डोहापाशी पोचलो तेव्हा सूर्य गेला होता. त्यांनी आपला डबा माझ्या पुढ्यात सरकवला. "उपास माझा हाय, तुझा न्हाय. खा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चटणीसुद्धा ठेवली नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी मला, ट्यूबला आणि ट्यूब बनवणाऱ्याला कोल्हापूर येईपर्यंत शिव्या घातल्या.

दोन हजार सालानंतर कधीतरी अण्णा गेले. शेतात, भर दुपारी, अचानक. "जेवून गेले," वहिनी आम्हाला पुन्हापुन्हा सांगत होत्या.

त्या दिवाळीनंतर आम्ही चौघं पुन्हा नदीत उतरलो. हाकायला कुणी नव्हतं, तरी कुणी रेंगाळलं नाही. डोहापाशी आलो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. मटणाचा डबा घेऊन आम्ही कुणी न सांगता वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलो आणि सूर्याकडे बघत भराभर जेवलो. शेवटचा घास तोंडात गेला, तेव्हा अजून उजेड होता.