मिरवणूक संपेपर्यंत

मनात डूख धरू नये, असं मला अनेकांनी सांगून पाहिलं. नवऱ्याने सांगितलं, बहिणीने सांगितलं, इथल्या योगाच्या वर्गातल्या बाईंनी तर डोळे मिटायला लावून सांगितलं. मी मात्र माझा डूख पुण्याहून ऑस्ट्रेलियात येताना सोबत आणला. विमानतळावर कस्टमवाल्यांनी आईच्या हातचं लोणचं काढून घेतलं. हा तसाच आत आला.

डूख होता आमच्या ढोलपथकाच्या प्रमुखांवर. लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणायचे. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत पथकाचा सराव चालायचा, आणि ती जागा माझ्या बाबांनी चार लोकांच्या पाया पडून मिळवून दिली होती. बाबांच्या लेखी दादा म्हणजे शिस्तीचा पुतळा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना पथकात गेले ती बाबांच्याच आग्रहाने.

आता ढोलपथक म्हटलं की फेटे, गॉगल आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन डोळ्यांसमोर येतो. आमच्या वेळी, नव्वदच्या दशकात, टेम्पो यायचा. आधी ढोल भरायचे, मग ढोलांच्या फटीत मुलींनी घुसायचं आणि मुलग्यांनी मागच्या फळीला लटकायचं. सांगली, मिरज, नगर, बेळगाव, जिथून बोलावणं येईल तिथे गणपतीत आणि नवरात्रात जायचं. मुक्काम नगरपालिकेच्या शाळेत. बाकं भिंतीला सरकवायची, फरशीवर सतरंजी टाकायची, आणि रात्रभर खडूची धूळ नाकात घेत पडायचं. संडासाला कडी नसायची. एक मुलगी आत जायची आणि दुसरी दाराला पाठ लावून बाहेर उभी राहायची. पाळी आलेली असली तरी मिरवणूक काही थांबत नसे. पांढरा कुर्ता मागून सारखा ओढत वाजवत राहायचं. जेवायला पातळ आमटी आणि गार भात, तोही मुलग्यांचं झाल्यावर.

हातांची तर दशा असायची. ढोलाचं लाकडी टिपरू धरून उजव्या तळव्याला फोड यायचे आणि थापी मारून डाव्या हाताची बोटं फुटायची. त्यांना चिकटपट्ट्या गुंडाळायच्या, त्या घामाने निघायच्या, मग नुसत्या बोटांनी वाजवायचं. झोपताना हळद आणि खोबरेल. फोड फुटला की दादा खूश व्हायचे. म्हणायचे, आता हात तयार झाला. त्यांचे स्वतःचे हात मऊ होते, कारण ते शिट्टी वाजवायचे.

हे सगळं मी आनंदाने सोसलं, हेही सांगायला हवं. सगळे ढोल एकदम वाजायला लागले की पोटात जो हादरा बसतो, त्यासाठी मी आणखीही सोसलं असतं. ढोल मला आवडायचा, आणि मी चांगला वाजवायचे.

पथकाचा एक नियम होता. कमरेला बांधलेला ढोल मिरवणूक संपेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. ढोल शेल्याने बांधायचा आणि गाठ पाठीमागे. ती आपली आपल्याला बांधता येत नाही आणि सोडताही येत नाही. मागच्या रांगेतला बांधतो, आणि दादांनी खूण केली की तोच सोडतो.

बेळगावला विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून भुरभुर चालू होती. आदल्या दिवशी मिरजेत वाजवून माझी कंबर डाव्या बाजूने सोलवटली होती. त्यावर भिजलेला शेला करकचून बांधला गेला. भिजलेली गाठ आणखी आवळत जाते. दोन चौक पार होईपर्यंत कुर्त्यावर लाल डाग आला. मी मागच्या मुलीला म्हटलं, जरा सैल कर गं. तिने दादांकडे पाहिलं. दादा जवळ आले, डाग पाहिला आणि म्हणाले, "मिरवणूक संपली का?" पुढच्या चौकात मी स्वतः त्यांना हाक मारली. म्हटलं, दादा, चामडी निघतेय, फक्त गाठ सोडून परत बांधा. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि तेच विचारलं, "मिरवणूक संपली का?"

त्यानंतर कुठेतरी माझे गुडघे गेले. मी खाली बसले आणि ढोल रस्त्याला टेकला.

दादांनी हात वर करून सगळं पथक थांबवलं. एवढ्या गर्दीत शांतता झाली. ते म्हणाले, "हिचा ढोल सोडा." गाठ तेव्हा मात्र लगेच सुटली. त्यांनी मला तिथल्या तिथे पथकातून काढलं आणि एकटीला एसटी स्टँडवर पाठवलं. रक्ताच्या डागावर ओढणी गुंडाळून मी पुण्यापर्यंत आले. मी पोचायच्या आत त्यांचा बाबांना फोन झाला होता. मुलगी अंगचोर आहे, चालून दमली तर रडून खाली बसली, पथकाची लाज घालवली. मी बाबांना घडलेलं सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, दादा असं करणार नाहीत. दोन दिवसांनी ते मला दादांच्या घरी घेऊन गेले आणि त्यांच्या पाया पडायला लावलं. वाकताना कमरेची खपली निघाली. दादा म्हणाले, "असू दे, लहान आहे." बाबांना ते फार मोठ्या मनाचं वाटलं.

त्या जखमेचा काळपट पट्टा अजून माझ्या कमरेवर आहे.

आता इकडचं. मी बरीच वर्षं मेलबर्नजवळच्या वेरिबीत राहते. मेलबर्नमधल्या मराठी मंडळींनी इथे पथक उभं केलं तेव्हा मी पुन्हा ढोल बांधला. आमच्याकडे गाठ मागेच असते, पण ज्याला सोडायची असेल त्याची सोडतात. तो नियम मी घातला. मग करोना आला, मिरवणुका बंद झाल्या आणि सगळे ढोल माझ्या गॅरेजमध्ये येऊन पडले. गाडी महिनोन्‌महिने बाहेर उभी होती.

त्याच काळात कळलं की दादा आमच्यापासून चार गल्ल्यांवर आहेत. नातवंडाच्या बारशासाठी मुलाकडे आले होते, विमानं बंद झाली आणि अडकले. त्यांची सून आमच्या भाजी मागवायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. एकदा नदीकाठच्या वाटेवर, लॉकडाउनमध्ये मुभा असलेल्या रोजच्या तासाभराच्या फेरीत, सासरे-सून समोरून आले. सुनेने ओळख करून दिली. दादा मास्कच्या आतून म्हणाले, "अरे वा, तू त्यांची मुलगी. बाबा कसे आहेत?" बस, एवढंच. बेळगाव त्यांच्या डोळ्यांत कुठे दिसलं नाही. माणूस विसरला होता. मी इतकी वर्षं त्यांना एकटीने लक्षात ठेवत होते, याचा मला त्या दिवशी फार संताप आला.

आमच्या जुन्या पथकाचा वर्धापनदिन जवळ आला तसा पुण्याहून एका पोराचा फोन आला. आता पथक तो चालवतो. म्हणाला, "ताई, दादांचा ऑनलाइन सत्कार ठेवलाय. तुम्ही तिथेच आहात तर आमच्या वतीने शाल-श्रीफळ द्याल का?"

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"तुमचे बाबापण जॉइन होतायत. मी सेटिंग करून दिलंय त्यांना."

मी लगेच हो म्हटलं.

बाबांनी ऐंशी ओलांडली होती. पुण्यात एका काळजीवाहू मावशींच्या भरवशावर ते एकटे राहत होते. सीमा बंद, तिकडे रोज कुणाची तरी बातमी. त्यांना पुन्हा प्रत्यक्ष पाहता येईल असा भरवसा मला वाटत नव्हता. फोनवर मी बेळगावचा विषय काढला की ते म्हणायचे, जुनं उकरू नकोस. माझ्या तोंडचं त्यांनी कधी खरं मानलंच नव्हतं. त्यांना ते दादांच्या तोंडून ऐकवायचं, आणि तेही बाबा जिवंत असताना, एवढंच मला हवं होतं.

लस घेतलेल्या दोन घरांतल्या माणसांना बागेत भेटायची मुभा नुकतीच मिळाली होती. सुनेने मेसेज केला, "आज आर्व्होला पार्कमध्ये, टेबलापाशी, नो वरीज." आर्व्हो म्हणजे इथली दुपार. मी गाडीत शाल, नारळ आणि एक ढोल टाकला. दादांनी पहिला टोल द्यावा अशी पुण्याच्या पथकाची इच्छा होती. झाडावर मॅगपायचं घरटं होतं आणि तो पक्षी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपा घेत होता. सुनेने फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत सगळे बसले होते. एका चौकटीत बाबा, इस्त्रीच्या सदऱ्यात.

शाल दिली, नारळ दिला. मी मनात भाषण तयार करून आले होते. पण दादा आधी बोलायला उभे राहिले आणि माझं काम त्यांनीच सोपं केलं.

"आजच्या पोरांना शिस्त काय माहीत," ते म्हणाले. "बेळगावला एका मुलीने भर मिरवणुकीत ढोल टेकवला होता. नाटकं. मी तिला तिथून एकटीला घरी धाडलं. त्यानंतर पथकात कुणी ढोल टेकवला नाही."

चौकटीचौकटीतून टाळ्या पडल्या. मी बाबांच्या चौकटीकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"दादा, पहिला टोल," पुण्याचा पोरगा म्हणाला.

"बांध," दादा मला म्हणाले, आणि पाठ करून उभे राहिले.

मी बांधला. त्यांनीच शिकवलं होतं तसा, त्यांच्या पाठीला गुडघा लावून, फक्त बेळगावसारखा शेला ओला करून. बाटलीतलं पाणी मी त्यासाठीच आणलं होतं. त्यांनी टोल मारला, थापी मारली, पुन्हा मारली. सत्तरी पार केलेल्या माणसाच्या मानाने हात चांगला चालत होता. लोक वाहवा करत होते. थोड्या वेळाने थाप पडेनाशी झाली. पाय लटपटायला लागले.

"टेकवा दादा, टेकवा," पडद्यावरून चारी बाजूंनी आवाज आले. "वय झालंय, आता कसला नियम."

असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

दादा वळून म्हणाले, "सोड गं."

"मिरवणूक संपली का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्क खाली ओढला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते बघायला मला मजा आली. खोटं कशाला सांगू.

"तू होतीस," ते म्हणाले.

"मी होते. आता ती का बसली ते सांगा. सगळ्यांना."

सून पुढे झाली. "ताई, आमच्या बाबांना त्रास होतोय, प्लीज."

"एक वाक्य आहे," मी म्हटलं. "ते बोलले की सोडते."

दादा ढोलाचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होते. टेकवता आला असता. नुसतं वाकायचं होतं. पण आत्ताच फुशारकी मारून झाली होती. शेवटी ते फोनकडे बघून बोलले. "तिच्या कमरेतून रक्त येत होतं. गाठ सोडा म्हणून तिने दोनदा सांगितलं. मी सोडली नाही. घरी फोन करून ती अंगचोर आहे असं मीच सांगितलं."

कुणी टाळी वाजवली नाही. माझे हात गाठीवर होते. मी पडद्याकडे पाहिलं, तर बाबांची खुर्ची रिकामी.

मी हात काढून घेतले.

"थांबा," मी म्हटलं. "बाबा येऊ देत."

दादा उभे राहिले. सून मला काहीतरी रागाने बोलत होती, मी ऐकलं नाही. तिला ती गाठ सुटत नव्हती. तिने प्रयत्न केला, ओली होती. मॅगपाय डोक्यावरून गेला तरी दादा हलले नाहीत. बऱ्याच वेळाने बाबा आले, हातातला दुधाचा पेला सांभाळत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मावशींचा हात गुंतला होता. दूध वर आलं होतं. काय झालं?"

"सांगा, दादा," मी म्हटलं.

दादांनी पुन्हा सांगितलं. या वेळीही शब्द सगळे आले. रक्ताचे, दोनदा विनवल्याचे, फोनचेसुद्धा.

बाबा पेल्यात बघत राहिले. मग फोनच्या अगदी जवळ आले, इतके की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसायला लागला.

"अगं, मग तेव्हाच बोलायचं होतंस," ते म्हणाले.

"बोलले होते, बाबा."

 बाबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि ते कॅमेऱ्यासमोरून हलले नाहीत. मी दादांच्या मागे जाऊन गाठ सोडली. ढोल गवतावर टेकला.