अकोल्याचं स्थळ आणि इलेक्ट्रॉनची स्थिती

अमरावतीच्या कॉलेजात मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मुलीसाठी अकोल्याचं स्थळ आलं आणि मुलाचे वडीलही याच विषयाचे निवृत्त प्राध्यापक आहेत हे कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. निदान बोलायला विषय राहील, असं मी बायकोला म्हणालो.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. आलुपोहे आले आणि त्यांनी सहज विचारलं, "इलेक्ट्रॉनची स्थिती म्हणून आपण जे समीकरण लिहितो, ती खरी वस्तू की आपली माहिती? वर्गात काय सांगायचे तुम्ही?"

"माहिती," मी म्हणालो. "मुठीतलं नाणं छापा किंवा काटा असतंच. आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच."

त्यांनी प्लेट खाली ठेवली. "साफ चूक. मोजण्याआधी खुद्द इलेक्ट्रॉनजवळच उत्तर नसतं. अनिश्चितता त्याची आहे, आपली नाही."

मुलगा-मुलगी गच्चीवर बोलून खालीही आले, तरी आमचं चालूच होतं. परतताना मूर्तिजापूर आलं. बायको म्हणाली, "तुमी पोरीसाठी आलते का भांडाले?"

आठवडा गेला, निरोप नाही. नकार ठरलेलाच आहे, फक्त आपल्याला कळलेला नाही, असं मी घरी समजावलं. मुलीला विचारलं, "तुझं काय?"

"माह्यं अजून काही ठरलं नाही."

"असं कसं? मनात असेलच काहीतरी. तू सांगत नाहीस."

"लपवून नाही राहिली, बाबा. नाहीच ठरलं."

बाप म्हणून हे मला पटलं नाही, आणि प्राध्यापक म्हणून तर मुळीच नाही.

शेवटी अकोल्याहून फोन आला. मुलाचे वडील म्हणाले, "जुळ्या कणांचे प्रयोग विसरलात तुम्ही. उत्तरं आधीच ठरलेली धरली, तर निकाल जुळत नाहीत."

"पण तेवढ्यानं इलेक्ट्रॉनची स्थिती खरी वस्तू ठरत नाही," मी म्हणालो. बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "लग्नाचं काय म्हणाले?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

इकडे मुलं आपापली बोलत होती. एके दिवशी बडनेऱ्यात चहाला भेटून दोघांनी मिळून नकार ठरवला. "म्हणजे आधीपासून नाहीच होतं ना?" मी आशेनं मुलीला विचारलं.

"नाही. चहा हातात येईपर्यंत काहीही झालं असतं."

प्रामाणिकपणे मी मुलीचं हे उत्तर अकोल्याच्या प्राध्यापकांना कळवलं. त्यांना इतका आनंद झाला की मुलाचं जमलं नाही याचं वाईट वाटायला त्यांना दुसरा दिवस उजाडला.

पुढं मुलीचं लग्न चांदूर बाजारच्या एका पशुवैद्याशी झालं. अकोल्याचे प्राध्यापक सपत्नीक आले. मंगलाष्टकं सुरू असताना ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एक नवा मुद्दा सुचला आहे." बायकोनं मागं वळून पाहिलं. आम्ही दोघांनी घाईघाईनं अक्षता टाकल्या. भटजी अजून ओळीच्या मधोमध होते.