डावी मिशी आन् बोरीची सोयरीक

परभणीच्या एका दवाखान्यात, आयसीयूमदी, मी मामा हाय. मामा म्हंजे स्ट्रेचर ढकलनारा.

एक दिवस मोठे सर नव्या सिस्टरांना शिकवायला आले. पेशंटचा श्वास अडकला तर तोंडावर मास्क घट्ट धरायचा आन् रबरी फुगा दाबून हवा छातीत लोटायची. समोर प्लास्टिकचा बाहुला. सर म्हनले, "ह्याला मिशी न्हाई. आपले पेशंट सगळे मिशीवाले. मिशीतून हवा निसटती." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी मिशी अशी, की दारातून आधी ती आत जायाची, मागून मी.

मी ऐटीत आडवा झालो. मास्क लावला की मिशीखालून शिट्टी वाजायची. मंग सरांनी सलाईनच्या सुईवर लावत्यात ती चिकटपट्टी मिशीवरून लावली, नाकातोंडापुरतं भोक ठिवलं. शिट्टी बंद. टाळ्या झाल्या.

सिस्टर म्हनली, "मामा, थांबा, ओली करून काढते."

"आमी ढोरामागं वाढलेली मानसं, आमाला काय होतंय," म्हनलं आन् दिली ओढून. डोळ्याला पानी. पट्टी बघतो तर डावी मिशी तिच्यात.

दुसऱ्याच दिवशी बोरीला पोरासाठी पोरगी बघायला जायचं होतं. त्याला लय ठिकाणी नकार आलेला. ही सोयरीक मोडली तर पोरगं मला बाप म्हनायचं बंद होनार.

बायको म्हनली, "उरलेली बी काढा."

बाजंवरून माझा म्हातारा म्हनला, "मी जित्ता हाय अजून. बाप मेल्यावर मिशी काढत्यात. पावनं म्हनतील सुतक हाय. सुतकात सोयरीक कोन करतंय?"

ठिवावी तर सोंग, काढावी तर बाप मेला. शेवटी तोंडाला मास्क बांधून गेलो. बैठक झ्याक चालली. मंग पोहे आले.

"घ्या की पावनं," पोरीचा बाप म्हनला.

"पोट भरलंय."

"तोंडाला काय रोग-बिग हाय का?"

पोराचं तोंड पडलं. मी मास्क काढला. पोरीच्या आजीनं पदर तोंडात कोंबला. मंग सगळं सांगून टाकलं.

पोरगी नांदेडला नर्सिंग शिकलेली. म्हनली, "मामा, पट्टी कोरडीच ओढली?"

"व्हय."

"पन फुग्याचा मास्क बसला का?"

"बसला की. शिट्टी बंद."

"आमाला शिकताना मिशीवाला कुनी भेटलाच न्हाई," म्हनली आन् हसायला लागली, ती थांबंचना. माझं पोरगं बी हसायलं. दोघं एकमेकाकडं बघून हसायले.

पोरीचा बाप म्हनला, "आता इचारायचं काय ऱ्हायलं? पर पावनं, लग्नात मिशी पुरी पायजे. फोटोत ऱ्हातंय ते."

तारीख मिशीवर अडकली. रोज सकाळी म्हातारा माझं तोंड उजेडाकडं फिरवतो, डावीकडं निरखून बघतो आन् नातवाला म्हनतो, "न्हाई रं, अजून न्हाई." पोरगं गुमान तेलाची बाटली घिऊन येतंय.