शास्त्रीय बालदी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि तो चहाचा कप खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा! गाढवपणा माझाच आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला लावून सांगायचा हक्कही माझाच.

मी मूळचा कणकवलीचा, हायवेवरचा माणूस. विज्ञान शिकवायला आलो तो मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका गावात. शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे फळ्याकडे बघायला कोणी तयार नसतं. पण यंदा सातवीच्या पोरांनी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय स्वतःच शोधून आणला. गावातल्या विहिरी खाऱ्या होतायत का? सांगा मला, सातवीत आपण काय करत होतो? बेडूक पकडून दुसऱ्याच्या दप्तरात सोडत होतो!

माझा ऊर भरून आला. आणि ऊर भरला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

"पोरांनो, संशोधन म्हणजे शिस्त! या विहिरीवर ही कळशी, त्या विहिरीवर ती कळशी, असा गबाळेपणा चालणार नाही. बालदी एकच, दोर एकच, आणि दोर मी स्वतः ओढणार!"

वरच्या वाडीतल्या सायलीने हात वर केला. बारीक चणीची पोर, पण प्रश्न विचारायला लागली की मला घाम फोडते.

"सर, बालदी मधी मधी धुवक नको?"

"सायली, आधी काम, मग शंका!"

वा रे माझा गुरुमंत्र!

तर निघालो. तुलनेसाठी समुद्राचं पाणी हवंच, म्हणून आधी जेटीवर गेलो. मी झोकात बालदी सोडली, भरून वर ओढली, त्यात क्षार मोजायचं मीटर बुडवलं. पाणी ओतून दिलं, काथ्याचा तो जाडजूड ओला दोर गुंडाळून बालदीत कोंबला आणि थेट वरच्या वाडीत सायलीच्या घरी. समुद्राजवळची विहीर सोडून आधी डोंगराकडची का? अहो, सायलीच्या आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं! उपाशीपोटी कुठे संशोधन होतं का?

पोटभर खाल्लं, तिथली विहीर पहिली मोजली आणि मग एकेक विहीर मोजत खाली किनाऱ्याकडे उतरलो. निकाल काय यावा? समुद्रापासून सगळ्यात लांबची, सायलीच्या घरची विहीर सगळ्यात खारी! आणि समुद्राला खेटून असलेली सगळ्यात गोड!

शहाण्या माणसाने इथेच कपाळावर हात मारून घेतला असता. मी टाळी वाजवली.

"पोरांनो, शोध लागला! समुद्र जमिनीखालून भुयार काढून डोंगराकडे निघालाय!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण संध्याकाळी नाक्यावर चहा पिता पिता हे भुयार मी चारचौघांना समजावून सांगितलं, बोटाने टेबलावर आकृती काढून. सकाळपर्यंत गावभर झालं.

आता त्या विहिरीचं, इथल्या बोलीत बावीचं, ऐका. सायलीच्या आजोबांनी, म्हणजे दाजींनी, ती तरुणपणी स्वतः जांभा फोडून खणलेली. भर मे महिन्यात अख्खी वरची वाडी तिच्यावर पाणी भरायची. दाजी मला म्हणाले, "मास्तरानू, जन्मभर ह्यांच पाणी पितंय. माका कधी खारा लागला नाय."

"दाजी, जीभ फसते. यंत्र फसत नाही!"

यंत्र नाहीच फसलं हो. यंत्राच्या वरच्या टोकाला जो उभा होता, तो फसला!

आणि माणसाचं मन बघा. मास्तर म्हणाला खारं, म्हटल्यावर सगळ्यांनाच खारं लागायला लागलं. शेजारची काकी म्हणाली, "म्हणानच माझी आमटी खारट होता! आणि घोव माकाच बोलता!" दोन-तीन दिवसांत विहिरीवर कळशी घेऊन येणारं कोणी उरलं नाही. दाजी एकटेच काठावर बसून असायचे, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. सायली वर्गात माझ्याकडे बघेना. मला वाटलं, पोरीला सत्य पचत नाहीये.

शेवटी वाडीने ठरवलं की विहिरीवर गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे काहीही अडलं की गावकर, म्हणजे गावचे मानकरी, नारळ ठेवून देवाला सांकडं घालतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. शोध माझा, म्हणून मला मानाचं बोलावणं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो!

गावकरांनी नारळ हातात घेतला, इतक्यात सायली पुढे आली.

"गावकर काका, वायच थांबा. सर, मीठ समुद्राकडसून इला नाय. आपण जसे चललो, तसा तां कमी होत गेला. पयली बाव खारी, मगची कमी, शेवटची गोडी. म्हणजे मीठ आपल्याबरोबरच चलत होता."

मीठ माझ्याच बालदीत, त्या ओल्या दोरात बसून चाललं होतं, ते मला तेव्हाच कळलं.

तिने घरच्या कळशीने पाणी काढलं. मीटर बुडवलं. गोड! मग तिच्या वर्गातल्या दोघांनी माझी बालदी आणली, दोरासकट, समुद्रात बुडवून आणलेली. त्याच विहिरीत सोडली, वर ओढली, मीटर बुडवलं. आकडा टुण्णकन उडाला!

"एकदा बघून भागाचा नाय," सायली म्हणाली, "म्हणान काल आमी तीच बालदी समुद्रात बुडवन उलट्या वाटेन सगळे बावी परत मोजलंव. तेव्हा किनाऱ्यावरची पयली, तर तीच खारी झाली! मगे सगळीकडे धुतलेली कळशी घेतलंव. खंयचीच बाव खारी नाय."

अहो, अंगावर काटा आला माझ्या! उलट्या वाटेने मोजून बघायचं, हे मी शिकवलं नव्हतं. मला सुचलंच नसतं! लाज वाटली, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. वाटलं, या पोरीच्या पाया पडावं.

दाजींनी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन काकीपुढे तांब्या धरला. काकीने घोट घेतला. "गोडा आसा गो!"

"मगे तुझी आमटी?" दाजींनी विचारलं.

"तां मीठ माझ्याच हातान जास्त पडला असात," म्हणत काकीने पदर तोंडाला लावला. दाजी कितीतरी दिवसांनी हसले.

मी हळूच मागच्या मागे सटकत होतो.

"खंय चललात, मास्तरानू?" गावकर म्हणाले. "हातात घेतलेलो नारळ तसोच ठेवूचो नसता. गाऱ्हाणां घालूकच व्हया!"

आणि त्यांनी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! बाव बरी आसा, पाणी गोडा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरां हुशार आसत, तेंका उदंड यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो एक मास्तर कणकवलीसून इलो हा. मनान बरो आसा, पण घाई करता. तेका पोरांका विचारून चलाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" वाडी नुसती दणाणली.

पण गावकर नारळ ठेवेनात. माझ्याकडे बघत तसेच उभे.

"मास्तरानू, तुमचो आवाज इलो नाय."

सगळी वाडी वळून बघायला लागली. मग काय करतो? हात जोडले, डोळे मिटले आणि माझ्या अख्ख्या सातवीसमोर एकट्याने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"