पोकळ विटा

भिंतीचा सरळपणा ओळंब्याने तपासतात. त्या गवंड्याच्या भिंती इतक्या सरळ, की लोक त्यालाच ओळंबाकाका म्हणत. हात सरळ, स्वभाव मात्र तिरका.

शाळेच्या दोन नव्या वर्गांसाठी इंजिनिअर बाईंनी पोकळ विटा आणल्या, तेव्हा काकांचा पारा चढला. "पोकळ भिंत बांधून माझ्या नावाला बट्टा लावू?"

"काका, विटेतली हवा ऊन आत येऊ देत नाही. पंखे कमी लागतील, वीज वाचेल," बाई म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. बाईंची पाठ वळताच आपण बांधत असलेल्या वर्गाची एकेक वीट त्यांनी सिमेंटने गच्च भरली. शेजारचा वर्ग त्यांचा धाकटा भाऊ बांधत होता. त्याने सांगितलं तसं बांधलं.

उन्हाळ्यात काकांचा वर्ग नेमका त्यांच्या शिक्षिका लेकीला मिळाला.

"बाबा, शेजारी एका पंख्यावर भागतं. माझ्याकडे सगळे पंखे गरगरतात, तरी पोरं घामाने निथळतात."

काका तडक शाळेत गेले. भावाच्या भिंतीला हात लावला, मग आपल्या भिंतीला लावला आणि झटकन मागे घेतला.

सुट्टी लागताच त्यांनी आपल्या वर्गाच्या भिंती स्वतः फोडल्या आणि नव्या पोकळ विटा घेऊन ते त्या पुन्हा उभ्या करायला बसले.

"दादा, या वेळी आत काय भरणार?" भावाने चिमटा काढला.

"काही नाही," काका थापी चालवत म्हणाले. "माझं शहाणपणसुद्धा नाही."