काजळी धरलेली नळी

बंदूक कुणाचीही असो, हातात आली की आप्पा आधी नळीच्या तोंडाशी नाक नेत. वास घेऊन सांगत, "चार बार झालेत, धुतली न्हाई." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

आप्पा आमच्या उपसा सिंचन सोसायटीचे राखणदार. बेण्याच्या उसातून रानडुकरं हुसकायची, हे त्यांचं काम. मी त्याच सोसायटीचा पंचविशीतला सेक्रेटरी. युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा आप्पांएवढी बंदुकीची जाण कुणालाच नव्हती.

त्यांच्याकडे ठासणीच्या दोन बंदुका असत. एक त्यांची स्वतःची, आतून गुळगुळीत नळीची. दुसरी सोसायटीच्या चेअरमनच्या घरची. तिच्या नळीत पिळाचे आटे होते. ती लांबवर अचूक मारते याचा चेअरमनना भारी अभिमान. आप्पा ते नाकारत नसत. "पर तिला लई निगा लागती," ते म्हणत. "दारूची काजळी आट्यात बसली की गोळी कुठं जाईल, ते तिलाच ठावं. माजीचा नेम जवळचा, पर मैली असली तरी निभावती." म्हणून चार बार झाले की ते नळीत उकळतं पाणी ओतत आणि गजाला चिंधी गुंडाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत घासत बसत.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. गावाला टँकर सुरू झाला आणि वाटपाचं काम माझ्याकडे आलं. विहिरीच्या तळाच्या पाण्यावर सोसायटीचा अर्धा एकर बेण्याचा ऊस तेवढा जिवंत होता. तो गेला असता तर पुढच्या वर्षी गावात लावणच झाली नसती. आसपास दुसरं हिरवं काही नसल्यामुळे डुकरं त्यावरच तुटून पडत.

एके दिवशी विहीर उपसून कोरडी झाली होती, म्हणून दुपारी आप्पा टँकरपाशी आले आणि त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. सकाळपासून चेअरमनच्या बंदुकीचे चार बार झाले होते, आणि कोरड्या हवेत काजळी दगडासारखी घट्ट धरते, असं ते सांगू लागले. बायका रांगेत उभ्या होत्या. माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही बंदुकीला आंघोळ घालता, असं मी सगळ्यांसमोर बोललो. आप्पा रिकामा तांब्या घेऊन परत गेले.

दिवस कलताना डुकरं उसात शिरली. मी आणि चेअरमन बांधावर होतो. अंतर जास्त होतं. आप्पांची बंदूक तिथवर पोचली नसती. चेअरमननी आपली पुढे केली. नळी मैली आहे, गोळी तिरकी जाईल, असं आप्पा दोनदा म्हणाले. बेणं गेलं तर गावाला उत्तर तुम्ही द्या, असं चेअरमननी सुनावलं. आप्पांनी बार काढला. डुकरं पळाली, आणि डावीकडच्या लांबच्या बांधावरून बाईची किंकाळी आली. तिथं गावातली, दरवर्षी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी गयाबाई वाळलं गवत कापत होती. गोळी तिच्या पोटरीत घुसली होती.

पोलिसांपुढे आप्पा एवढंच बोलले, "माजा हात हालला." मी शेजारी उभा होतो. मीही गप्प राहिलो. दोन्ही बंदुका जमा झाल्या, आप्पांचं काम सुटलं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गयाबाईला उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे तिच्या नवऱ्याला कुठलाच मुकादम घेईना. तेव्हा साठी उलटलेले आप्पा तिच्या जागी निघाले. मी गाडीपाशी गेलो आणि पाण्याचं सगळं पोलिसांना सांगतो म्हणालो.

"सांगून तिचा पाय बरा हुनार हाय का?" आप्पा म्हणाले. "तिथं मोळ्या वाहायला मानूस लागतंय. यितोस का?"

मी एक पाऊल मागे सरलो. ते गाडीत चढले.

असे ते दोन हंगाम गेले. दुसऱ्या हंगामात उसाच्या फडातच वारले. माती तिकडेच झाली. टोळी परतल्यावर मी गयाबाईच्या घरी गेलो. आप्पांचा हात हलला नव्हता, असं तिला सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "नळी मैली हाय हे म्हाईत असून बार काढला, असं त्यांनीच येऊन सांगितलं हुतं. पर कावून धुतली न्हाई, ते कवाच बोलले न्हाईत."

ते मग मी सांगितलं.